पेशींचे विद्युत-संकेत नोंदवणारे कमी विजेचे उपकरण : घोडे नेमके कुठे पेंड खाते?

खाडीकाठचा (ठाणे), १२ जुलै, रात्री १०.४०

नमस्कार. मी नौपाड्यात राहतो आणि रबाळ्याच्या एका कारखान्यात वीजमीटरच्या सर्किटांचे काम करतो. जीवशास्त्राशी माझा संबंध दहावीनंतर तुटला, तो माझ्या भाचीमुळे पुन्हा जुळला. ती नवी मुंबईतील एका प्रयोगशाळेत हृदयाच्या स्नायुपेशी काचेच्या तबकडीत वाढवते. तबकडीच्या तळाशी अगदी बारीक इलेक्ट्रोड असतात, पेशी त्यांच्यावर पसरतात आणि आपापल्या लयीत आकुंचन पावू लागतात. त्या प्रत्येक ठोक्याबरोबर इलेक्ट्रोडवर जो अल्पसा व्होल्टेज उमटतो तो नोंदवायचा, एवढेच काम. प्रयोगशाळेतील मोठे यंत्र सामाईक असल्याने तिच्या वाट्याला आठवड्यातून काही तासच येते, आणि त्यासाठी तबकडी इन्क्युबेटरमधून (पेशी ठेवायच्या उबदार, दमट पेटीतून) बाहेर काढावी लागते. म्हणून तिने मला विचारले, "मामा, इन्क्युबेटरच्या आतच ठेवता येईल आणि दोन दिवस बॅटरीवर चालेल असे काही करून देशील का?"

केले. आठ चॅनेल, प्रत्येकी सेकंदाला ५,००० नमुने, १२ बिट, नोंद मेमरी कार्डावर, बॅटरी १,००० मिलिॲम्पिअर-तासांची. एकूण खप भरला २१ मिलिॲम्पिअर, म्हणजे जेमतेम ४७ तास. दोन दिवसांना तासभर कमी पडला म्हणून मी ॲम्प्लिफायर (अल्पसा संकेत मोठा करणारे भाग) बदलायला घेतले. शोधनिबंधांमध्ये २ मायक्रोव्होल्ट नॉइज (सर्किट स्वतःच संकेतात मिसळते ती खरखर) हा आकडा सतत दिसतो, म्हणून तोही गाठायचा होता. जून महिना असाच तीन प्रकारचे ॲम्प्लिफायर लावण्या-काढण्यात गेला आणि खप २१ वरून २०.८ वर आला. त्यात पाऊस सुरू झाल्यापासून आठपैकी पाच चॅनेल एका टोकाला जाऊन चिकटून बसतात. दुपारी ऊन पडले की दोन सुटतात.

तर प्रश्न दोन आहेत. वीज कोण खाते आहे? आणि चॅनेल का चिकटतात?

---

मिलिवॅट (ऐरोली), १२ जुलै, रात्री ११.२५

मी चिप-डिझाइनच्या क्षेत्रात आहे, त्यामुळे पहिल्या प्रश्नावर लिहितो.

आपल्या आठ ॲम्प्लिफायरांचा एकत्रित खप आपण दिलेला नाही, परंतु प्रत्येकी ५० मायक्रोॲम्पिअर धरले तरी तो ०.४ मिलिॲम्पिअर होतो, म्हणजे एकविसातला दोन टक्के. तो शून्यावर आणला असता तरी बॅटरी तासभरच जास्त टिकली असती. घोडे मेमरी कार्डावर पेंड खाते आहे. आपण बहुधा ५१२ बाइट भरले की लगेच लिहीत असाल. कार्डाच्या आतील फ्लॅश मेमरी मोठ्या तुकड्यांत पुसली आणि लिहिली जाते, त्यामुळे ५१२ बाइटांसाठीसुद्धा आतला कंट्रोलर बराच मोठा खटाटोप करतो आणि त्याला झोपायला उसंतच मिळत नाही. लिहिताना कार्ड सहज काही दहा मिलिॲम्पिअर ओढते, तर निवांत असताना मिलिॲम्पिअरपेक्षाही कमी. बॅटरीच्या वायरीत १ ओहमचा रेझिस्टर घालून त्यावरचा व्होल्टेज ऑसिलोस्कोपवर पाहा. करंटचे सुळके मोजता येतील.

आता नॉइजविषयी, कारण खरी गंमत तिथे आहे. ॲम्प्लिफायरचा नॉइज करंट देऊन विकत घ्यावा लागतो आणि तो दर फार चढा आहे: नॉइज निम्मा करायचा तर करंट चौपट. स्टेयार्ट आणि सान्सेन यांनी १९८७ साली यासाठी एक मापदंड मांडला, ज्याला नॉइज एफिशियन्सी फॅक्टर म्हणतात. एका आदर्श बायपोलर ट्रान्झिस्टरची किंमत १ धरायची आणि तेवढ्याच करंटमध्ये आपल्या सर्किटचा नॉइज त्याच्या किती पट आहे ते पाहायचे. फॅक्टर २, बँडविड्थ (मोजायच्या वारंवारतांचा पट्टा) १० किलोहर्ट्झ आणि तापमान ३७ अंश धरून गणित केले, तर ५ मायक्रोव्होल्टसाठी साधारण १.१५ मायक्रोॲम्पिअर पुरतात आणि २.५ मायक्रोव्होल्टसाठी ४.६ लागतात. निम्म्या नॉइजला चौपट करंट हा दर भौतिकशास्त्राने ठरवलेला आहे, दुसऱ्या कंपनीची चिप घेतली म्हणून तो बदलत नाही.

आपण वाचलेले २ मायक्रोव्होल्ट मेंदूच्या संशोधनातून आलेले असणार. हॅरिसन आणि चार्ल्स यांच्या २००३ सालच्या प्रसिद्ध ॲम्प्लिफायरचा नॉइज २.२ मायक्रोव्होल्ट होता, बँडविड्थ ७.२ किलोहर्ट्झ आणि खप ८० मायक्रोवॅट. चेतापेशीच्या बाहेर ठेवलेल्या इलेक्ट्रोडला काही दहा ते काही शे मायक्रोव्होल्टच मिळतात, त्यामुळे त्यांना तो आटापिटा करणे भाग असते. आपल्या भाचीच्या हृदयपेशींचा संकेत किती मोठा आहे?

---

खाडीकाठचा, १३ जुलै, सकाळी ७.१५

तिला विचारले. चांगल्या तबकडीत अर्धा ते एक मिलिव्होल्ट, रोडावलेल्या पेशींत १०० मायक्रोव्होल्ट.

---

मिलिवॅट, १३ जुलै, सकाळी ७.५०

मग १० मायक्रोव्होल्ट नॉइज पुरेसा आहे. दोनाऐवजी दहा, म्हणजे तत्त्वतः करंटचा पंचविसावा हिस्सा. आपण जूनभर जी वस्तू शोधत होता तिची आपल्याला गरजच नव्हती.

आणखी एक हिशेब करून पाहा. इलेक्ट्रोड स्वतःच नॉइज निर्माण करतो. १ मेगाओहमचा रेझिस्टर ३७ अंशांवर, ५ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात ९.२५ मायक्रोव्होल्ट औष्णिक नॉइज देतो. त्याच्यापुढे २ मायक्रोव्होल्टचा ॲम्प्लिफायर लावला तर एकूण ९.५ होतो, आणि ५ मायक्रोव्होल्टचा लावला तर १०.५. या एका मायक्रोव्होल्टसाठी सव्वासहापट करंट मोजायचा, म्हणजे नाकापेक्षा मोती जड. आधी इलेक्ट्रोड सुधारा. गुळगुळीत धातूवर प्लॅटिनम ब्लॅकचा खरबरीत थर दिला की पृष्ठभाग कित्येक पट वाढतो आणि इम्पीडन्स (बदलत्या संकेताला होणारा अडथळा) काही दहा किलोओहमपर्यंत उतरतो. ५० किलोओहमचा नॉइज त्याच पट्ट्यात २.१ मायक्रोव्होल्ट भरतो.

---

पेशीगाथा (खारघर), १३ जुलै, सकाळी ११.०५

मी पेशी-संवर्धनाचे काम करते. वरील गणितात एक दुरुस्ती सुचवते. इलेक्ट्रोडचा इम्पीडन्स बव्हंशी कपॅसिटरसारखा असतो, आणि औष्णिक नॉइज फक्त त्यातील रेझिस्टन्सच्या भागातून येतो. म्हणून "१ किलोहर्ट्झला १ मेगाओहम" असे तबकडीवर लिहिलेले असले तरी त्याचा नॉइज १ मेगाओहमच्या शुद्ध रेझिस्टरपेक्षा कमी भरेल. मिलिवॅट यांचा निष्कर्ष मात्र मला मान्य आहे, कारण खराब इलेक्ट्रोडवर महागडा ॲम्प्लिफायर लावून समाधान मानणारे मी पाहिले आहेत.

संदर्भासाठी सांगते, काचेवरील इलेक्ट्रोडांनी हृदयपेशींचे संकेत घेण्याची पद्धत नवी नाही. थॉमस आणि सहकाऱ्यांनी १९७२ मध्ये कोंबडीच्या गर्भातील हृदयपेशींवर ती वापरली. आज तिचे महत्त्व औषधांच्या तपासणीत आहे. काही औषधे हृदयपेशीतील पोटॅशियमची एक वाट अडवतात, त्यामुळे प्रत्येक ठोक्यानंतर पेशी पूर्वस्थितीला यायला जास्त वेळ घेते आणि लय घातक रीतीने बिघडू शकते. टर्फेनाडिन हे ॲलर्जीचे औषध नव्वदच्या दशकात अमेरिकेच्या बाजारातून याच कारणाने गेले.

म्हणून धागाकर्त्यांना माझी विनंती अशी की, त्यांनी फक्त सुरुवातीच्या तीक्ष्ण सुळक्याकडे पाहू नये. सोडियममुळे येणारा सुळका एक-दोन मिलिसेकंदांचा आणि ठसठशीत असतो. परंतु आम्हाला हवी असते ती त्यानंतर काही शे मिलिसेकंदांनी येणारी बुटकी, पसरट लाट. आपले हाय-पास फिल्टर (मंद चढउतार अडवणारा भाग) १ हर्ट्झवर असेल तर ती लाट वाकडी होईल आणि तिच्यावरून काढलेला कालावधी चुकेल. ०.१ हर्ट्झपर्यंत तरी उतरा.

आणि एक गोष्ट अनुभवातून. आमच्याकडे एका विद्यार्थ्याने असेच एक नोंदयंत्र तबकडीच्या अगदी खाली, चिकटवून ठेवले होते. ठोके मिनिटाला ४२ वरून ५१ वर गेले आणि त्या दिवशी दिलेल्या औषधाला आम्ही दोन दिवस त्याचे श्रेय देत होतो. औषधाऐवजी नुसते पोषकद्रव दिलेल्या तबकडीतही तेच दिसले तेव्हा उलगडा झाला: यंत्राच्या उष्णतेने पेशी गरम झाल्या होत्या.

---

खाडीकाठचा, १३ जुलै, दुपारी १.३०

उष्णतेचा मुद्दा माझ्या डोक्यात आलाच नव्हता. आमच्या क्षेत्रात कमी खप म्हणजे बॅटरी जास्त दिवस, इतकाच अर्थ. २१ मिलिॲम्पिअर आणि ३.७ व्होल्ट, म्हणजे ७८ मिलिवॅट. तबकडीत १ मिलिलिटर द्रव असतो. समजा सगळी उष्णता त्यातच गेली आणि बाहेर काहीच पडली नाही, तर मिनिटाला १.१ अंश चढेल. प्रत्यक्षात बहुतेक उष्णता हवेत जात असणार, तरीही हा आकडा पाहून मी यंत्र भाचीला तबकडीखालून काढायला सांगितले.

०.१ हर्ट्झची काळजी घेतली आहे. २.२ नॅनोफॅरडचा कपॅसिटर आणि १ गिगाओहमचा रेझिस्टर, म्हणजे साधारण ०.०७ हर्ट्झ.

---

नवशिका_वाशी, १३ जुलै, दुपारी २.१०

मी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. १ मेगाओहमचा नॉइज ९ मायक्रोव्होल्ट असेल तर १ गिगाओहमचा हजाराच्या वर्गमुळाइतका, म्हणजे ३१ पट होईल ना? मग संकेत दिसतो कसा?

---

मिलिवॅट, १३ जुलै, दुपारी ३.००

प्रश्न उत्तम आहे आणि मुलाखतीत मी तो स्वतः विचारतो. तो रेझिस्टर एकटा लटकत असता तर आपले म्हणणे खरे ठरले असते. इथे त्याला कपॅसिटर जोडलेला आहे आणि कपॅसिटरचे दुसरे टोक इलेक्ट्रोडमार्गे जवळजवळ स्थिर आहे, त्यामुळे रेझिस्टरचा नॉइज त्यातून वाहून जातो. एकूण नॉइजचा हिशेब मांडला तर रेझिस्टरची किंमत त्यातून गळूनच पडते आणि फक्त तापमान व कपॅसिटर उरतात: २.२ नॅनोफॅरडसाठी १.४ मायक्रोव्होल्ट. रेझिस्टर जितका मोठा तितका हा नॉइज खालच्या वारंवारतेत ढकलला जातो, आणि इथे तो मुख्यतः ०.०७ हर्ट्झच्या आसपास आणि त्याखाली साचतो, जिथे आपल्याला काही मोजायचे नाही. म्हणून अशा ठिकाणी मोठा रेझिस्टर शांत असतो.

चिपच्या आत हीच गोष्ट टोकाला जाते. तिथे कपॅसिटर २०० फेम्टोफॅरडचा परवडतो, आणि त्यासह ०.१ हर्ट्झ हवे असेल तर ८ टेराओहम लागतात. असा रेझिस्टर सिलिकॉनवर बनवणे अशक्य आहे, म्हणून बंद अवस्थेतील ट्रान्झिस्टरच रेझिस्टर म्हणून वापरतात. त्याची किंमत तापमानाबरोबर आणि चक्क उजेडाबरोबर बदलते. चाचणीसाठी उघड्या ठेवलेल्या चिपवर टेबलावरचा दिवा पडला आणि फिल्टर हलला, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

विषयाला थोडे सोडून: ट्रान्झिस्टर अर्धवट बंद ठेवून नॅनोॲम्पिअरांत काम करून घेण्याची ही विद्या प्रथम स्विस मनगटी घड्याळांसाठी वाढली. एरिक व्हिटोझ आणि फेलराथ यांचा १९७७ चा निबंध त्या कामातून आलेला आहे. पेसमेकरलाही तिचा फायदा झाला. एखादा पेसमेकर सरासरी १० मायक्रोॲम्पिअर घेत असेल तर १ ॲम्पिअर-तासाच्या बॅटरीवर तो अकरा वर्षे चालतो, आणि त्या खपात तो हृदयाचा संकेत सतत ऐकतही असतो.

---

निवृत्त_मापक (ठाणे), १३ जुलै, सायंकाळी ६.४५

दुसऱ्या प्रश्नाला कोणीच हात घातलेला नाही, म्हणून लिहितो. मी ठाणे-बेलापूर रस्त्यावरील रासायनिक कारखान्यांत एकतीस वर्षे मापन-उपकरणांची देखभाल केली. तुमचे चॅनेल का चिकटतात ते मला तुमचा बोर्ड न पाहता कळले आहे, कारण दर जुलैला आमचे पीएच-मीटर (द्रवाची आम्लता मोजणारे यंत्र) याच आजाराने आडवे व्हायचे.

पीएच-मीटरच्या काचेच्या इलेक्ट्रोडचा रेझिस्टन्स शेकडो मेगाओहम असू शकतो. मार्चमध्ये तेच यंत्र बिनचूक चालते आणि पहिल्या पावसानंतर भलतेच आकडे दाखवू लागते. नवीन मुलगा इलेक्ट्रोड बदलतो, पुन्हा तेच. कारण बोर्डाच्या पृष्ठभागावर असते. डाख देताना राहिलेला फ्लक्स (डाख नीट बसावा म्हणून वापरतात तो पदार्थ), बोटांचा घाम, त्यावर हवेतील ओलावा. या सगळ्यांचा मिळून एक अदृश्य रेझिस्टर तयार होतो आणि तो शेजारच्या पुरवठ्याच्या रेषेतून तुमच्या इनपुटमध्ये करंट झिरपवतो.

तुमच्याच आकड्यांनी हिशेब करा. पुरवठा ३ व्होल्ट, इनपुट त्याच्या मध्यावर, म्हणजे फरक दीड व्होल्ट. गळतीचा मार्ग ५० गिगाओहमचा धरा. साध्या मल्टिमीटरवर तो तुम्हाला दिसणारसुद्धा नाही. करंट ३० पिकोॲम्पिअर. तो तुमच्या १ गिगाओहममधून गेला की ३० मिलिव्होल्ट. तुमचे ॲम्प्लिफिकेशन १०० असेल, तर आउटपुट ३ व्होल्टांनी सरकायला पाहते आणि पुरवठा आहे तीनच व्होल्टांचा. झाले, चिकटला. ऊन पडले, बोर्ड वाळला, दोन चॅनेल सुटले. "नो-क्लीन" म्हणून, म्हणजे डाखल्यावर धुवायची गरज नाही असे सांगून विकला जाणारा फ्लक्स या कामाला चालत नाही. त्या नावावर विश्वास ठेवून मी एकदा आख्खी रात्र पाळी काढली आहे.

आणि तुमचे यंत्र जाणार कुठे, तर इन्क्युबेटरमध्ये! तिथे बारा महिने आषाढ.

उपाय जुनेच आहेत. बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने आणि ब्रशने धुवा, मग कापसाने टिपा आणि तो ओला कापूस दुसऱ्यांदा वापरू नका. त्यानंतर मंद उष्णतेत तासभर वाळवा आणि पुढे हातमोज्यांशिवाय इनपुटच्या भागाला स्पर्श करू नका. इनपुटच्या टोकाभोवती बोर्डाच्या दोन्ही बाजूंना तांब्याचे उघडे कडे ठेवा आणि ते मध्यबिंदूच्या व्होल्टेजला जोडा. गळती मग त्या कड्यापाशीच अडते, आणि कडे व इनपुट यांच्यात फरकच नसल्याने पुढे काही झिरपत नाही. शेवटी वरून संरक्षक लेप द्या, पण आधी धुतल्याशिवाय लेप देऊ नका, नाहीतर फ्लक्स आत कोंडला जाईल. माझ्या काळी आम्ही इनपुटचे टोक बोर्डाला टेकवतच नसू. टेफ्लॉनच्या खुंटीवर हवेत उभे करत असू.

---

खाडीकाठचा, १३ जुलै, रात्री ९.२०

काका, आपण बोर्ड न पाहता सांगितलेले सगळे खरे निघाले. भिंगाखाली पाहिले तर चिकटणाऱ्या पाचही चॅनेलांच्या १ गिगाओहम रेझिस्टरांच्या पायांपाशी पिवळसर, चकचकीत फ्लक्स होता. ते पाच मी हाताने डाखले होते. उरलेले तीन कारखान्यातील सहकाऱ्याने डाखून, धुऊन दिले होते. एक चॅनेल धुऊन हेअर ड्रायरने वाळवला. बाहेर धो-धो पाऊस असताना तो आता मध्यावर स्थिर आहे. कड्याची तरतूद मात्र या बोर्डात नाही, त्यामुळे नवा बोर्ड काढावाच लागेल.

---

रोपवाटिका (ठाणे), १४ जुलै, सकाळी ८.३०

मी महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवत असे. नवा बोर्ड थेट भाचीच्या पेशींवर नेण्याआधी आपण तो लाजाळूवर तपासावा असे सुचवते. प्राण्यांच्याच पेशी विद्युत-संकेत देतात असे नाही. बर्डन-सँडर्सन यांनी १८७३ मध्ये कीटक पकडणाऱ्या व्हीनस फ्लायट्रॅपच्या पानात असा संकेत मोजला होता आणि आपल्याकडे जगदीशचंद्र बोस यांनी लाजाळूवर या विषयाचे दीर्घ काम केले.

लाजाळूचे पान मिटते तेव्हा देठातून काही दहा मिलिव्होल्टांचा संकेत सेकंदाला साधारण दोन-तीन सेंटिमीटर या गतीने सरकतो आणि काही सेकंद टिकतो. हृदयपेशींच्या मानाने तो प्रचंड मोठा पण फार मंद आहे, म्हणून ०.०७ हर्ट्झचे फिल्टर खरोखर तिथेच आहे का हे त्यावर चटकन कळेल. शुद्ध चांदीची बारीक तार घ्या (जांभळी नाक्याजवळ सराफाकडे मिळते; दागिन्यांची मिश्र चांदी नको), कपडे धुण्याच्या ब्लीचमध्ये ती करडी-काळपट होईपर्यंत बुडवा, म्हणजे तिच्यावर सिल्व्हर क्लोराइडचा थर बसतो. एक तार ईसीजीच्या जेलच्या थेंबासह देठावर, दुसरी कुंडीतल्या ओल्या मातीत. पान मिटताना हलते, तेव्हा तार पानाला न बांधता देठाच्या बुंध्याशी ठेवा. नाहीतर तारेचे हलणेच आपण संकेत म्हणून नोंदवाल.

---

मिलिवॅट, १४ जुलै, सकाळी ९.१०

ही सूचना फार आवडली. वायर मात्र लहान ठेवा. शिल्डेड केबलला दर मीटर लांबीमागे साधारण १०० पिकोफॅरड कपॅसिटन्स असतो, म्हणजे १ किलोहर्ट्झला १.६ मेगाओहम, इलेक्ट्रोडही तेवढ्याच इम्पीडन्सचा असेल तर संकेताचा मोठा हिस्सा केबलच गिळेल. लाजाळूच्या मंद संकेताला याने बाधा येणार नाही, पेशींच्या सुळक्याला येईल.

कार्डाविषयी माझा प्रस्ताव असा. आत्ता आठ चॅनेलांचे सेकंदाला ४०,००० नमुने लिहिले जातात. पसरट लाटेसाठी २५० हर्ट्झ पुरतात, म्हणजे सेकंदाला २,००० नमुने. सुळका आला की तेवढ्यापुरते २० मिलिसेकंद पूर्ण वेगाने ठेवा. सेकंदाला एक ठोका धरला तर आणखी ८००. एकूण २,८००, म्हणजे चौदावा हिस्सा. ते मायक्रोकंट्रोलरच्या मेमरीत साठवून ३२ किलोबाइट झाले की एकदम कार्डावर लिहा. साधारण आठ सेकंदांतून एकदाच कार्ड जागे होईल.

---

पेशीगाथा, १४ जुलै, दुपारी १२.४०

मला हे पूर्णपणे पटत नाही. सुळका कशाला म्हणायचे हे आपण आधीच ठरवून टाकले, तर जे त्या व्याख्येत बसत नाही ते कायमचे हरवते. औषधाच्या प्रभावाखाली पेशी कधी कधी ठोका पूर्ण होण्याआधीच दुसरा, अर्धवट ठोका देते. तो बुटका असतो आणि आपल्या सीमारेषेखालून निसटेल. नेमका तोच आम्हाला पकडायचा असतो. मूळ नोंद फेकून देण्याची घाई नंतर महागात पडते, कारण शोधनिबंधाचे परीक्षक पहिली मागणी तिचीच करतात.

---

मिलिवॅट, १४ जुलै, दुपारी १.१५

अर्धवट ठोका २५० हर्ट्झच्या सलग नोंदीत दिसेल, कारण तोही मंदच असतो. हरवेल तो फक्त त्याचा बारीक तपशील. तरीही आपल्या आक्षेपाचे वजन मला कळते. मेंदूच्या संशोधनात हा वाद सतत चालू असतो. तिथे ३२ चॅनेल, ३०,००० नमुने आणि १६ बिट असे सगळे पाठवायचे तर सेकंदाला १५.३६ मेगाबिट होतात, आणि फक्त सुळक्याची वेळ व चॅनेल पाठवले, चॅनेलमागे वीस सुळके आणि प्रत्येकी २४ बिट धरले, तर १५.३६ किलोबिट. हजारपट फरक आहे, आणि बिनतारी प्रक्षेपणाची वीज बरीच वाचते, म्हणून रोपण केलेल्या यंत्रात माणसे नाइलाजाने मूळ नोंद सोडतात. इथे बिनतारी काही नाही. दर तासाला एक मिनिट पूर्ण वेगाची नोंद ठेवावी, ती ३.६ मेगाबाइट होते आणि सरासरी खपावर तिचा परिणाम नगण्य आहे.

---

पेशीगाथा, १४ जुलै, दुपारी १.३०

औषध दिल्यानंतरची पहिली दहा मिनिटे सलग पूर्ण वेगाने आणि त्यानंतर तासाला एक मिनिट, असे असेल तर माझी हरकत नाही. त्यासाठी यंत्रावर एक बटण द्यावे लागेल, आणि ते हातमोजे घालून दाबता आले पाहिजे.

बिनतारीचा विषय निघालाच आहे तर सांगते, पुढच्या आवृत्तीत ब्लूटूथ घालण्याचा मोह धरू नका. इन्क्युबेटर म्हणजे पोलादाची पेटी आहे. मागच्या बाजूला वायर नेण्याचे छिद्र बहुधा असते, ते वापरा.

---

खाडीकाठचा, २ ऑगस्ट, रात्री ११.१०

उशिराने कळवतो आहे, कारण नवा बोर्ड यायला दोन आठवडे लागले.

इनपुटभोवती दोन्ही बाजूंना कडे, सगळा बोर्ड धुऊन ६० अंशांवर दोन तास वाळवलेला, वर लेप. ॲम्प्लिफायर मुद्दाम साधा घेतला आहे. नॉइज मोजला तर ८ मायक्रोव्होल्ट भरला आणि मी तो तसाच ठेवला. मायक्रोकंट्रोलर दोन नमुन्यांच्या मध्ये झोपतो. कार्डावर मिलिवॅट यांनी सांगितल्याप्रमाणे ३२ किलोबाइटांचे गाठोडे. एकूण सरासरी खप ४.६ मिलिॲम्पिअर, म्हणजे त्याच बॅटरीवर नऊ दिवस आणि उष्णता १७ मिलिवॅट. यातला आठ ॲम्प्लिफायरांचा वाटा आता नऊ टक्के आहे, त्यामुळे यापुढे ॲम्प्लिफायरकडे पाहायला थोडेफार कारण उरले आहे.

लाजाळू घरी गॅलरीत ठेवली होती. पहिल्या दिवशी स्क्रीनवर जाडजूड ५० हर्ट्झशिवाय काही दिसले नाही, कारण मी लॅपटॉप चार्जरसह जोडला होता. चार्जर काढला, पट्टा बारीक झाला. देठाला पेन्सिलीने टिचकी मारली आणि पाने मिटू लागली तशी रेषा सावकाश खाली गेली, मग चार-पाच सेकंदांत वर येऊन मूळ जागेच्याही किंचित वर गेली. ते वर जाणे फिल्टरचे आहे, रोपाचे नाही, हे रोपवाटिका ताईंनी आधीच बजावले नसते तर मी तोही शोध समजलो असतो. आई म्हणाली, तिला छळू नकोस, संध्याकाळ झाली.

गेल्या मंगळवारी यंत्र इन्क्युबेटरमध्ये गेले. तबकडीपासून वीतभर दूर, खालच्या फडताळावर, मध्ये तीस सेंटिमीटर केबल. आठपैकी सात चॅनेल चार दिवस मध्यावर स्थिर आहेत. सहावा मात्र दार उघडले की टोकाला जातो आणि परत यायला मिनिटभर घेतो. १ गिगाओहम आणि २.२ नॅनोफॅरडचा काळ २.२ सेकंद आहे, त्यामुळे मिनिट हा फार जास्त वाटतो. काका, हे कशामुळे असेल?

---

निवृत्त_मापक, ३ ऑगस्ट, सकाळी ६.३०

दार उघडल्यावर बाहेरची थंड हवा आत शिरते आणि थंडावलेल्या भागांवर दव धरते. बोर्डाला तुम्ही लेप दिला आहे. केबलच्या कनेक्टरला दिला आहे का? सहाव्या पिनेच्या शेजारची पिन कोणती आहे ते पाहा. ती पुरवठ्याची असेल तर पुढच्या बोर्डात त्या दोघींच्या मध्ये मध्यबिंदूची एक पिन सोडा. तोवर कनेक्टर काढून अल्कोहोलने धुवा आणि सिलिकोन ग्रीस भरून पुन्हा बसवा.

---

खाडीकाठचा, ३ ऑगस्ट, सकाळी ७.०५

शेजारची पिन पुरवठ्याचीच आहे. ग्रीस घेऊन दुपारी जातो.